पंधरावी काठी

मोजण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी म्हणत नाही, आमचं अख्खं भूमापन खातं म्हणायचं. तीस वर्षं मी शेतं मोजली, रस्ते मोजले, कुंपणं मोजली, आणि सख्ख्या भावांमधली भांडणं तर इंचाइंचानं मोजली. माझ्या मापावर कुणी बोट ठेवलं नाही. ठेवलं असतं तर ते बोटही मी मोजून दाखवलं असतं!

त्यामुळे निवृत्त झाल्यावर भाचीनं जेव्हा विचारलं, "मामा, माझा कॅडी होशील का?" तेव्हा मी दुसऱ्या मिनिटाला बूट घालून तयार होतो.

माझी भाची व्यावसायिक गोल्फ खेळते. वय बावीस. लहानपणी गोट्या खेळताना गल्लीतल्या सगळ्या पोरांना रडवून घरी पाठवायची, म्हणून घरात तिचं नाव गोटी पडलं ते पडलंच. वर्षातून चार-पाचच खऱ्या मोठ्या अजिंक्यपद स्पर्धा होतात आणि त्यांतल्या दोनमध्ये गोटी शेवटच्या दिवशी आघाडीवर होती. कॅडीचं काम तसं सोपं. बॅग वाहायची, झेंड्यापर्यंतचं अंतर सांगायचं आणि ती फटका मारत असताना तोंड बंद ठेवायचं. पहिल्या दोन गोष्टी मला उत्तम जमतात.

म्हणजे, जमायच्या. गेल्या स्पर्धेत शेवटच्या होलला मी अंतर सांगितलं एकशे बेचाळीस यार्ड. बरोबर सांगितलं. अगदी काटेकोर! फक्त ते शेजारच्या सरावाच्या ग्रीनवरच्या, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरच्या, झेंड्यापर्यंतचं होतं. गोटीचा चेंडू तिकडे सराव करणाऱ्या एका गृहस्थांच्या पायाशी जाऊन पडला आणि गोटी एका फटक्यानं हरली.

परतताना गाडीत तिनं काच खाली केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मामा, पुढची स्पर्धा आपण दोघं खेळू. पण त्यात काही गडबड झाली ना, तर मी दुसरा कॅडी घेईन. तू रागावू नकोस हं."

मी कशाला रागावतोय! मी फक्त घरी जाऊन दोन दिवस जेवलो नाही. कारण खरं सांगू का, त्या पोरीच्या शेजारून चालण्यापलीकडे मला आयुष्यात आता दुसरं काही नको होतं. तिचा बाप लवकर गेला. पहिली काठी तिच्या हातात मी दिली. ती बॅग दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर बघायची या कल्पनेनंच माझा खांदा दुखायला लागायचा.

तर ती 'पुढची स्पर्धा' म्हणजे ही. तीन दिवस खेळून झाले होते. गोटी दोन फटक्यांनी पुढे. तिच्या मागे होती ती, जिला सगळे बाहुली म्हणतात. तेवीस वर्षांची मुलगी, पण चेंडू पाण्यात जावो की होलात, चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. डोळे मिटते की नाही याबद्दलही कॅडी लोकांत दोन मतं आहेत.

शेवटच्या दिवशी दुपारी वादळ येणार म्हणून खेळ सकाळी घ्यायचं ठरलं. आणि सकाळी पडलं धुकं! साधंसुधं नाही. मी कॅडींच्या खोलीतून हात बाहेर काढला तर मनगटापुढे हात कुणाचा ते ओळखू येईना. खेळ दोन तास लांबला. या वेळात मी काय केलं असेल? मोजलं! बॅगमधल्या काठ्या मोजल्या. एकदा, दोनदा, पाचदा. दरवेळी चौदा.

"चौदा," मी समाधानानं मोठ्यानं म्हणालो.

"मोठ्यानं मोजू नका साहेब," दारातून आवाज आला. मैदानाचा म्हातारा माळी उभा होता. हातात दंताळं, मिशांवर दव. "धुक्यात इथं कुणी मोठ्यानं मोजत नाही."

"का हो?"

"तोही मोजायला लागतो."

"तो कोण?"

माळीबुवा आत येऊन बाकावर टेकले. त्यांनी सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी या मैदानावर कॅडी लोक पायघोळ पांढरे डगले घालत. त्यांतल्या एकाचा खेळाडू अशाच मोठ्या स्पर्धेत जिंकत आला होता. आणि मध्येच कळलं की बॅगमध्ये काठ्या पंधरा आहेत! गोल्फमध्ये चौदापेक्षा एक जरी जास्त निघाली तरी पहिल्या दोन होलांचे मिळून चार फटके दंड बसतो. बसला. खेळाडू हरला. त्या कॅडीनं पुन्हा कधी बॅग उचलली नाही. खोलीतल्या याच बाकावर बसून राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या काठ्या मोजायचा. पुढे वारला.

"पण धुकं पडलं की येतो," माळीबुवा उठत म्हणाले. "वाईट नाही हो तो. फक्त मोजतो."

मी हसलो. चांगला खो खो हसलो. आणि माळीबुवा गेल्यावर त्या बाकावरून उठून उभा राहिलो. पाठ दुखत होती म्हणून!

दहाच्या सुमाराला धुकं थोडं विरळ झालं. पहिल्या टीवरून, म्हणजे जिथून होलची सुरुवात होते तिथून, लांबवर झेंडा पुसटसा दिसायला लागला. आमची जोडी शेवटची. गोटी हात चोळत उभी, बाहुली बाहुलीसारखी उभी, तिचा दाढीवाला कॅडी आपल्या बॅगला टेकून उभा. दोरीपलीकडे प्रेक्षक होते म्हणे. दिसत कुणीच नव्हतं, फक्त मधूनमधून धुक्यातून कुणीतरी खोकायचं.

"दोन मिनिटं!" सुरुवात करून देणारे पंच म्हणाले.

मी नियमाप्रमाणे शेवटचं मोजायला घेतलं. प्रत्येक काठीच्या डोक्यावर बोट ठेवून. "...अकरा, बारा, तेरा, चौदा."

"पंधरा."

माझ्या मागून. अगदी कानाजवळून. खर्जातला, ओलसर आवाज. मी गर्रकन वळलो. मागे कुणी नाही. नुसतं पांढरं.

"गोटी, तू काही बोललीस?"

"नाही. का?"

"सहज," मी म्हणालो. तोपर्यंत माझ्या मानेवरचे केस एकेक करून उभे राहिले होते, आणि ते माझ्याकडे मोजकेच आहेत.

मी पुन्हा मोजलं. या वेळी मनात. डोकी चौदाच! पण मोजणारा माणूस नुसत्या डोक्यांवर विश्वास ठेवत नाही. मी बॅगमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक दांडी चाचपत गेलो. पटरच्या, म्हणजे चेंडू अलगद होलात ढकलायच्या काठीच्या, कप्प्यात हाताला एक दांडी लागली. तिच्या शेजारी, खाली, आणखी एक. गार. बारीक.

पंधरा!

"एक मिनिट!" पंच म्हणाले.

वाचकहो, अशा वेळी माणसाची खरी परीक्षा होते. मी त्या कप्प्यातली उंच काठी वर ओढून पाहिली. तिच्या डोक्यावर चॉकलेटी लोकरीचं टोपडं. आमच्या पटरचं टोपडं निळं! म्हणजे ही काठी आपली नव्हेच. कॅडींच्या खोलीत कुणाची तरी चुकून आपल्या बॅगेत आली, आणि खाली बसलेली तीच आपली. सोपा हिशेब! मी ती चॉकलेटी टोपड्याची काठी सर्रकन उपसली. आता ठेवायची कुठे?

तेवढ्यात धुक्यातून एक माणूस पुढे आला. पायघोळ पांढरे कपडे, डोक्यावर पांढरं काहीतरी. मी काठी त्याच्या हातात कोंबली.

"ही धरा! कुणाला देऊ नका! फक्त माझ्या हातात द्या, काय वाटेल ते झालं तरी!"

त्यानं काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सावकाश मान डोलावली आणि शब्दही न बोलता धुक्यात मागे सरकला.

"चौदा!" मी जाहीर केलं. मागून कुणी काही बोललं नाही.

पहिल्या होलला गोटीनं दोन फटक्यांत चेंडू ग्रीनवर आणला. झकास! मग तिनं माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पटर."

मी कप्प्यात हात घालून काढला.

काठी बाहेर येता येता लवकरच संपली. माझ्या हातात वीस इंचांचा, गुडघ्यालाही न पोचणारा एक पटर होता. मुठीला सायकलची लाल टेप गुंडाळलेली. त्यावर सहा वर्षांच्या मुलीचे दातांचे ठसे.

गोटी त्याच्याकडे बघतच राहिली. "मामा, ही तर तू कापलेली!"

होय. तिच्या सहाव्या वाढदिवसाला एक मोडका पटर करवतीनं कापून मी तिला ही काठी करून दिली होती. ती इथे कशी आली? दोरीपलीकडून धुक्यातून माझ्या ताईचा, म्हणजे गोटीच्या आईचा, आनंदी आवाज आला. "सापडली का गं? शकुनाची म्हणून मी सकाळी ठेवली! आणि मोठ्या काठीला नवं टोपडंही विणलंय, बघितलंस का?"

माझ्या पायाखालचं ग्रीन सरकलं.

"मामा," गोटी फार हळू म्हणाली. "माझा पटर कुठाय?"

"दिला."

"कुणाला?"

"एका माणसाला. पांढऱ्या."

"पांढऱ्या कपड्यातला माणूस?" बाहुलीचा दाढीवाला कॅडी जवळ येत म्हणाला. "इथं कुणी पांढरं घालत नाही. ते डगले बंद होऊन जमाना झाला." मग त्यानं माझा चेहरा पाहिला आणि दोन पावलं मागे गेला.

पंचांना बोलावलं. पंचांनी नियमांचं पुस्तक काढलं. चौदा काठ्या घेऊन निघालात, तर चौदाच. हरवलेलीच्या बदली नवी मिळणार नाही, आणि बाहेर ठेवलेली सापडली तरी आज खेळात घेता येणार नाही. मग त्यांनी टेप काढून त्या चिमुकल्या पटरची लांबी मोजली. पटर अठरा इंचांपेक्षा आखूड चालत नाही.

"वीस इंच," मी त्यांच्याआधी म्हणालो. "बरोब्बर वीस. मी कापलाय."

"वीस," पंच टेप मिटत म्हणाले. त्या सकाळी माझ्या वाट्याला आलेलं एवढंच सुख!

गोटीनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "मामा, आपण खेळ संपल्यावर बोलू," ती म्हणाली. बस्स! मला त्या वाक्याच्या पुढचं सगळं वाक्य ऐकू आलं. दुसरा कॅडी. बहुतेक दाढीवाला, बहुतेक तरुण.

पहिल्या ग्रीनवर गोटीनं कमरेत वाकून, नाक जवळजवळ गवताला लावून तीन फटके घेतले. दुसऱ्यावरही तीन. आघाडी संपली. प्रेक्षकांत खसखस पिकली. धुक्यात हसणारी माणसं दिसत नाहीत, नुसतं हसू ऐकू येतं, ते फार वाईट!

तिसऱ्या ग्रीनवर तिनं दोनदा वाकून पाहिलं, पाठ धरली, आणि एकदम उकिडवी बसली. गल्लीत बसायची तशी! एक डोळा बारीक, जिभेचं टोक बाहेर. टक्. चेंडू वीस फूट घरंगळत जाऊन होलात पडला. हसू थांबलं.

मी टाळी वाजवायला हात उचलले आणि मला तो दिसला.

ग्रीनच्या मागे खोलगट जागा होती. तिथं धुकं साचलं होतं आणि त्यात तो उभा होता. पांढरा. पायघोळ. एका हातात माझी काठी उंच धरलेली. तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण आवाज नाही. मला एकच गोष्ट समजली. तो मोजत होता.

मी वीस किलोची बॅग छातीशी धरून चौथ्या टीकडे पळालो! मला वाटतं, गोल्फच्या इतिहासात खेळाडूच्या आधी कॅडी दोनशे यार्ड पुढे पोचल्याची ती पहिलीच वेळ असावी.

"मामा!" गोटी धापा टाकत आली. "माझी काठी तुझ्याजवळ, चेंडू तुझ्याजवळ, आणि तू कुठे?"

"जागा बघत होतो."

"कसली?"

काय सांगणार? की बये, तुझा पटर मी एका मेलेल्या माणसाला दिलाय आणि तो आपल्या मागे येतोय?

त्यानंतर तो दिसतच राहिला. सातव्या होलला झाडांच्या रांगेत एक झाड पांढरं होतं आणि मी जवळ गेल्यावर ते चालायला लागलं. नवव्याला चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. गोटीनं फटका मारल्यावर मी खड्ड्याच्या काठावर वाळू सारखी करायला वाकलो, तर समोर ओल्या गवतावर पांढरे, पिठासारखे पावलांचे ठसे! मी दंताळ्यासकट खड्ड्यातच बसून राहिलो. पंचांनी येऊन विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हणालो, "मोजतोय." ते निघून गेले.

बाराव्याला तळं होतं. पाण्यावरून धुकं वाफेसारखं वर येत होतं. पलीकडच्या काठावर तो उभा होता, अगदी समोर. त्यानं दोन्ही हात वर करून काठी हलवली. दोरीजवळच्या स्वयंसेवकानं "शांतता राखा"चा फलक त्याच्या तोंडासमोर धरला. भुतासमोर फलक धरणारा तो स्वयंसेवक मला त्या क्षणी जगातला सर्वांत शूर माणूस वाटला.

आणि एवढं सगळं चालू असताना गोटी? गोटी खेळत होती! प्रत्येक ग्रीनवर उकिडवी बसायची, जीभ बाहेर काढायची, आणि टक्. पंधराव्याला ती एका फटक्यानं मागे पडली. सोळाव्याला तसंच राहिलं. सतराव्याला तिनं ग्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू असा सोडला की तो वाटेत दोनदा विचार करून शेवटी आत गेला. बरोबरी! बाहुलीनं ते पाहिलं आणि तिच्या डाव्या भुवईत काहीतरी हललं. दाढीवाला कॅडी नंतर शपथेवर सांगत होता, ते त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

अठरावा होल. बाहुलीनं आपलं काम चोख केलं आणि बाजूला उभी राहिली. गोटीला आठ फुटांचा फटका उरला. गेला तर अजिंक्यपद. चुकला तर बरोबरी, म्हणजे जादा होल खेळत पुढे चालूच, आणि तिच्या गुडघ्यांत आता पुढे काही चालू राहण्याइतकं उरलं नव्हतं. उकिडवं बसून बसून ते थरथरत होते, मला दिसत होतं.

धुकं पुन्हा दाटलं. हजारो माणसं भोवती आणि कुणाचा श्वास ऐकू येत नाही. मी ग्रीनच्या कडेला बॅग घेऊन उभा. गोटी खाली बसली. जीभ बाहेर आली.

माझ्या मागे गवत दबलं. एक पाऊल. मग दुसरं.

मी वळलो नाही. मला वळताच येत नव्हतं! मानेवर कुणाचा तरी श्वास लागला, घरघर करणारा. आणि मग माझ्या खांद्यावर हात पडला. गार, ओला, जड.

माझ्या पोटातून एक किंकाळी निघाली. ती छातीत आली, गळ्यात आली, दातांपर्यंत आली. पण समोर गोटीनं काठी मागे नेली होती! कॅडीचं तिसरं काम काय? ती फटका मारत असताना तोंड बंद ठेवायचं. आयुष्यात मला ते कधी जमलं नव्हतं. मी चेंडू पुसायचा टॉवेल तोंडात कोंबला, डोळे मिटले आणि मनात म्हणालो, बाबा रे, न्यायचं तर ने मला, पण हा एक फटका होऊ दे.

टक्.

किती वेळ गेला कोण जाणे. मग चेंडू होलात पडल्याचा तो पोकळ, गोड आवाज आला आणि सगळं मैदान गरजलं.

मग मीही किंचाळलो. टॉवेल काढून, मनसोक्त! लोकांना वाटलं, आनंदानं.

वळून पाहिलं तर तो तिथेच होता. पांढरी टोपी. पांढरा लांब ॲप्रन, त्यावर पिठाचे हात पुसलेले. बूट पिठानं माखलेले. दुसऱ्या हातात चॉकलेटी टोपड्याची काठी. त्यानं ती माझ्या हातात दिली, ॲप्रनच्या खिशातून ऑर्डर लिहायची वही काढली आणि लिहून माझ्यासमोर धरली.

"मी क्लबचा आचारी. तुम्ही म्हणालात, फक्त माझ्याच हातात द्या. अठरा होल मागे फिरतोय. तुम्ही थांबतच नाही! आतापर्यंत माझं सूप करपलं असेल."

"अहो मग हाक मारायची होती!" मी ओरडलो.

त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं आणि लिहिलं. "घसा बसलाय. तीन दिवस झाले, आवाज फुटत नाही."

मी इतका हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. आचारी! साधा पिठाळ आचारी! आणि मी दिवसभर... मग हसता हसता मी थांबलो.

"तीन दिवस?"

त्यानं मान डोलावली.

"मग सकाळी पहिल्या टीवर 'पंधरा' कोण म्हणालं?"

आचाऱ्यानं कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश लिहिलं. "ऐकलं मी. मला वाटलं, तुम्हीच म्हणालात."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग आचारी सूप बघायला गेला. जरा घाईनं गेला.

संध्याकाळी करंडक टेबलावर ठेवून गोटी माझ्यासमोर बसली. गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधलेल्या. ताई शेजारी. "आता बोलू," गोटी म्हणाली.

मी सगळं सांगितलं. आवाज, माळीबुवा, टोपडं, भूत, आचारी. काही लपवलं नाही. शेवटी म्हणालो, "तू नवा कॅडी शोध, बेटा. मी रागावणार नाही." आणि मला खरंच रडू आलं. लाज कसली!

गोटीनं गुडघ्यावरची बर्फाची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "मी कितीनं जिंकले?"

"एका फटक्यानं."

"पंधरा घेऊन निघालो असतो तर दंड किती होता?"

"चार."

"मग तू मोजलं नसतंस तर मी तीन फटक्यांनी हरले असते." तिनं तो वीस इंची पटर माझ्या मांडीवर ठेवला. "आणि हा तू कापला नसतास तर कशानं खेळले असते? बॅग तुझीच राहील, मामा. फक्त यापुढे काठ्या आई मोजेल."

मला एवढं पुरे होतं. खरं सांगतो, करंडकापेक्षा मला ते जास्त वाटलं.

पुढच्या स्पर्धेची तयारी आम्ही घरीच केली. भर दुपार, दिवाणखान्यात लख्ख ऊन, धुक्याचं नाव नाही. ताईनं बॅग उघडली आणि एकेका काठीवर बोट ठेवत ठणठणीत आवाजात मोजायला सुरुवात केली. मी दारात उभा होतो. हातात पेला, तोंडात पाण्याचा घोट.

"...बारा, तेरा, चौदा!" ताई म्हणाली.

"पंधरा."

"हो रे, हो, ओरडतोस काय!" ताई मागे न बघता म्हणाली आणि बॅगमध्ये हात घालून बघायला लागली. "खरंच की! दोन्ही पटर राहिले होते. बरं झालं बोललास."

माझ्या तोंडातलं पाणी अजून तोंडातच होतं.

मी ताईला काही सांगितलं नाही. गोटीलाही नाही. माळीबुवा म्हणालेच होते, वाईट नाही तो, फक्त मोजतो. आणि मोजणाऱ्या माणसाची मोजणाऱ्याला कसली भीती? मी मुळीच घाबरलेलो नाही!

फक्त परवा इस्त्रीवाल्यानं गाठोडं सोडून विचारलं, "साहेब, किती कपडे आहेत?" तेव्हा मी त्याला म्हणालो, "तूच मोज बाबा. पण मनातल्या मनात."